कानामात्रेविना

गो नावाच्या संगणकभाषेत एकूण २५ राखीव शब्द आहेत. राखीव शब्द म्हणजे भाषेने स्वतःच्या व्याकरणासाठी बाजूला ठेवलेले शब्द: 'जर', 'नाहीतर', 'परत दे', 'थांब' अशा अर्थाचे. उरलेली सारी नावे लिहिणाऱ्याने ठेवायची. हे २५ शब्द पोस्टकार्डाच्या एका बाजूवर सहज मावतात आणि त्यांच्या वापराचे नियम सांगणारा अधिकृत मसुदा दोन संध्याकाळी सवडीने वाचून होतो. शेजारी सी++ ही भाषा ठेवून पाहावी. तिचा प्रमाणग्रंथ दीड हजार पानांच्या पुढे गेला आहे आणि तो अथपासून इतिपर्यंत वाचलेला माणूस निदान माझ्या परिचयात तरी नाही. तिच्यात आयुष्य घालवलेले लोकही तिचा एखादा प्रांत आपला म्हणतात आणि उरलेल्या मुलखाविषयी आदराने मौन बाळगतात.

साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय मांडताना थोडा संकोच वाटतो. परंतु भाषा साधी असावी की समृद्ध, साधी म्हणजे नेमकी कुणासाठी साधी, आणि साधेपणाची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न आपल्याकडे काही नवे नाहीत. संगणकाच्या भाषांत ते अधिक उघड दिसतात, इतकेच. तिथे भाषा कुणीतरी ठरवून, एका टेबलाशी बसून केलेली असते. काय वगळले आणि का वगळले याची नोंद सापडते. मराठीच्या बाबतीत अशी विचारपूस कुणाकडे करणार?

पहिल्यांदा एक गल्लत दूर करायला हवी. साधेपणा म्हणजे लाघव नव्हे. पाणिनीने सुमारे ४००० सूत्रांत संस्कृतचे व्याकरण बसवले. अर्धी मात्रा वाचली तर वैयाकरणाला पुत्रजन्माइतका आनंद होतो, असे त्या परंपरेत गमतीने म्हटले जाते. संगणकभाषांतही ही वृत्ती आहे. केनेथ आयव्हर्सन यांच्या १९६२ च्या ग्रंथातून पुढे आलेली एपीएल ही भाषा इतकी आटोपशीर की इतर भाषांत पानभर लागणारे काम तिच्यात एका ओळीत होते. पण ती ओळ वाचायला भाष्यकार लागतो. लाघव हे लिहिणाऱ्याचे सुख आहे. साधेपणा हा वाचणाऱ्याविषयीचा विचार आहे. गो या भाषेत लाघव अजिबात नाही. प्रत्येक पायरीनंतर 'काही चुकले का?' असे विचारणाऱ्या त्याच तीन ओळी पुन्हा पुन्हा लिहाव्या लागतात. नवख्याला त्याचा उबग येतो. त्या तीन ओळींची एक ओळ करावी म्हणून वर्षानुवर्षे सूचना आल्या, मसुदे झाले, आणि शेवटी २०२५ साली भाषेच्या कर्त्यांनी हा विषय सध्या बाजूला ठेवत असल्याचे जाहीर केले. मला तो निर्णय आवडला. दुसऱ्याने चार वर्षांपूर्वी लिहिलेली आज्ञावली रात्री अकरा वाजता उघडून तीत काय बिघडले आहे ते शोधायचे असते, तेव्हा त्या कंटाळवाण्या ओळींचे मोल कळते. काहीही झाकलेले नसते. कोण, कुठे, काय म्हणाले हे लीळाचरित्राचे गद्य जसे छोट्या वाक्यांत, अलंकार बाजूला ठेवून सांगते, तशी ती आज्ञावली वरून खाली सरळ वाचत जाता येते.

महानुभावांचा विषय निघालाच आहे तर नागदेवाचार्यांची ती हकीकत आठवावी. केशिराजांनी संस्कृतात रचना करावी हे त्यांना मान्य नव्हते, कारण पंथातल्या वृद्ध स्त्रिया त्यामुळे वंचित राहतील. स्मृतिस्थळातली ही नोंद आपण मराठीच्या अभिमानाखातर पुष्कळदा उद्धृत करतो. पण तिच्यात अभिमानाचा भाग थोडा आहे. तिच्यात हिशेब आहे: या भाषेत लिहिले तर दाराबाहेर कोण उरते? अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या दोन गणितज्ञांनी १९६० नंतर हाच हिशेब मांडला. केमेनी हे मूळचे हंगेरीचे. तरुणपणी प्रिन्स्टनला आइन्स्टाइन यांचे साहाय्यक होते. कॉलेजातले बहुसंख्य विद्यार्थी विज्ञानशाखेचे नव्हते. इतिहास, साहित्य, अर्थशास्त्र शिकणारी ही मुले उद्या निर्णय घेणार आणि संगणक म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नसणार, ही त्यांची चिंता होती. प्रचलित भाषा या मुलांसाठी नव्हत्या. म्हणून त्यांनी मूठभर आज्ञांची बेसिक ही भाषा केली. १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास तिच्यातल्या पहिल्या आज्ञावली चालल्या. संगणकाची पहिली खऱ्या अर्थाने लोकभाषा अशी मुख्यतः साहित्य-इतिहासवाल्यांसाठी जन्मली, हे आपल्या विभागांतून कुणी सांगत नाही. सांगायला हवे.

पण बेसिकच्या यशाचे श्रेय एकट्या भाषेला देणे योग्य नव्हे. त्या काळी आज्ञावली कार्डांवर छिद्रे पाडून लिहीत, कार्डांचा गठ्ठा खिडकीत देत आणि उत्तरासाठी काही तास किंवा काही दिवस थांबत. एक स्वल्पविराम चुकला तर पुन्हा गठ्ठा, पुन्हा खिडकी. डार्टमथने भाषेबरोबरच एक व्यवस्था उभी केली, तीही बरीचशी विद्यार्थ्यांच्या हातून. एकच संगणक अनेक जण एकाच वेळी, आपापल्या टंकयंत्रावरून वापरू शकत. ओळ लिहिली की उत्तर तिथल्या तिथे. साध्या भाषेचे जे आकर्षण आपण म्हणतो त्यातला अर्धा वाटा या तत्परतेचा आहे. चूक झाली आणि ती लगेच, एकांतात, कुणी न हसता कळली, तर माणूस दुसऱ्यांदा प्रयत्न करतो. डाइक्स्ट्रा या थोर संगणकशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये बेसिकवर जहाल टीका केली. ती शिकलेली मुले पुढे कधीच चांगले लिहू शकणार नाहीत असा तिचा आशय होता. पंडितांनी प्राकृताविषयी असे बोलणे आपल्याला परिचयाचे आहे. असो.

गोचा जन्मही प्रतीक्षेच्या कंटाळ्यातून झाला. २००७ मध्ये गूगलमध्ये एक मोठी सी++ आज्ञावली यंत्राच्या भाषेत रूपांतरित होईतो पाऊण तास जाई. त्या रिकाम्या वेळात रॉब पाइक, रॉबर्ट ग्रीसमर आणि केन थॉम्पसन यांनी नव्या भाषेचा आराखडा बोलायला घेतला. २००९ च्या नोव्हेंबरात ती सर्वांसाठी खुली झाली. व्याकरण मुद्दाम असे ठेवले की यंत्रालाही ते चटकन वाचता यावे. त्यातून अवजारे आली आणि त्यांतले एक अवजार मला भाषेइतकेच महत्त्वाचे वाटते. त्याचे नाव गोफम्ट. तुम्ही आज्ञावली कशीही लिहा, ओळी कुठेही तोडा, समास हवा तसा सोडा; गोफम्ट ती एका ठरलेल्या मांडणीत बसवून देते. पर्याय नाहीत. तुम्हाला कंस खालच्या ओळीवर आवडतो का, असे ती विचारत नाही. संगणकाच्या धंद्यात समास किती सोडावा यावर झालेली भांडणे पाहिली असती तर ऱ्हस्व-दीर्घावरून भांडणाऱ्या आपल्या मंडळींना एकटे वाटले नसते. ती भांडणे या एका अवजाराने जवळजवळ संपवली. आज जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातली गो आज्ञावली उघडली तरी हस्ताक्षर एकच.

मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखनविषयक नियम आणि गोफम्ट यांची तुलना करण्याचा मोह होतो. दोहोंचा हेतू एकच: मांडणीवरचा वाद मिटावा आणि लक्ष मजकुराकडे जावे. फरक असा की गोफम्ट नियम शिकवत नाही, शिक्षा करत नाही. ती निमूटपणे दुरुस्त करते. तिच्यामुळे कुणाचे गुण कापले गेले नाहीत. शुद्धलेखनाने कितीतरी मुलांचे गुण कापले आणि त्याहून मोठे नुकसान म्हणजे लिहिण्याचे धैर्य कापले. नियम तोच राहूनही तो माणसाच्या हाती आहे की अवजाराच्या, याने इतका फरक पडतो. गेल्या काही वर्षांत अवजारांची मजल आणखी पुढे गेली आहे. २०२१ नंतर आलेली साधने सांगितलेल्या वर्णनावरून अख्खी आज्ञावलीच लिहून देतात. त्यांच्याविषयी उत्साहाने आणि धास्तीने पुष्कळ लिहिले जात आहे. मी एवढेच पाहतो की लिहिण्याचे श्रम कमी झाले तसे वाचण्याचे वाढले. यंत्राने लिहिलेले बरोबर आहे की नाही हे कुणीतरी ओळीओळीने वाचून ठरवावे लागते, आणि तेव्हा ज्या भाषेत काही लपत नाही ती भाषा बरी वाटते.

इतके गुणगान केल्यावर आता ज्यासाठी लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येतो.

वृत्त ओळखणारी एक छोटी आज्ञावली लिहावी, असे काही वर्षांपूर्वी मनात आले. ओळ द्यावी, तिने लघु-गुरूंचा क्रम लावावा, तीन-तीन अक्षरांचे गण पाडावेत आणि चार वेळा य गण आला तर भुजंगप्रयात म्हणून सांगावे. काम दिसते तितके सोपे नाही. जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू होते. पण 'कुऱ्हाड' म्हणताना 'कु'वर आघात येत नाही, म्हणून तो लघूच राहतो. हे मराठीचे बारकावे नियमांत उतरवताना मजा येते आणि आपल्या कानाला ठाऊक असलेल्या किती गोष्टी पुस्तकात नीट लिहिलेल्या नाहीत हेही कळते. आज्ञावली गोमध्ये लिहायची हे ओघाने आलेच. नावे मराठीतच ठेवायची ठरवले. 'लघु'ला 'लघु' म्हणण्याऐवजी इंग्रजी नाव शोधत बसणे म्हणजे उगीचच उलटा प्रवास. शिवाय गोची आज्ञावली युनिकोडात लिहिली जाते; देवनागरी तिला परकी नाही.

'चरण' हे नाव तिने घेतले. 'गण' घेतले. 'पद' घेतले. 'लघु' लिहिले आणि यंत्राने उत्तर दिले की नावात अवैध चिन्ह आहे, आणि ते चिन्हही दाखवले: घ वेगळा आणि त्याचा ऱ्हस्व उकार वेगळा काढून. 'गुरु' नाही. 'यति' नाही. 'वृत्त' नाही. 'अक्षर' नाही, कारण 'क्ष'च्या पोटात पाय मोडलेला क आहे. आणि मात्रा मोजायला निघालेल्या त्या आज्ञावलीत 'मात्रा' हा शब्द तर नाहीच नाही.

कारण शोधायला लांब जावे लागले नाही. गोचा नियम असा: नाव अक्षरांचे आणि अंकांचे बनावे, पहिले चिन्ह अक्षर असावे. याहून साधा नियम कोणता असणार? पण अक्षर म्हणजे काय, हे युनिकोडच्या वर्गीकरणावरून ठरते आणि युनिकोडात क, ख, ग आणि अ, आ, इ ही अक्षरे आहेत. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त ही अक्षरांना जोडली जाणारी चिन्हे आहेत. अक्षर नव्हे ते नावात नको. परिणाम असा की 'आई' चालते, 'बाबा' चालत नाहीत. 'घर' चालते, 'गाव' नाही. 'कमल नमन कर' चालते. 'कविता' मात्र नाही. पहिलीच्या पुस्तकात काना शिकवण्याआधी जेवढी मराठी असते, तेवढीच मराठी या भाषेत नाव म्हणून टिकते. त्यातही आणखी एक अट आहे. आपल्या संचातले एखादे नाव दुसऱ्यांना वापरता यावे असे वाटत असेल तर ते कॅपिटल अक्षराने सुरू व्हावे लागते, आणि आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. म्हणजे 'चरण' घरात राहू शकतो, पण उंबरा ओलांडायचा तर त्याच्यापुढे एक रोमन अक्षर उभे करावे लागते.

हे अनवधानाने झाले असते तर समजूत घालता आली असती. पण गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत हा मुद्दा स्पष्ट लिहिला आहे: जोडचिन्हे जाणूनबुजून वगळली असून त्यामुळे काही भाषा बाहेर राहतात. उदाहरण म्हणून तिथे नाव आहे ते देवनागरीचे. आपल्या लिपीचे नाव असे एखाद्या प्रसिद्ध दस्तऐवजात वाचून जे वाटते त्याला राग म्हणता येणार नाही. वर्गात हजेरी घेताना नाव पुकारून पुढे 'गैरहजर' असे शिक्षकांनीच म्हणावे, तसे काहीसे.

त्यातला विलक्षण भाग पुढेच आहे. आज देवनागरी मजकूर जगभर ज्या पद्धतीने साठवला आणि पाठवला जातो तिचे नाव यूटीएफ-८. ती येण्याआधीची, किंवा आपल्याकडे रुळण्याआधीची, परिस्थिती अनेकांना आठवत असेल. प्रत्येक मराठी संकेतस्थळाचा आपला फॉन्ट. तो उतरवून घेतला नाही तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा चिखल. प्रकाशकाकडची संगणकातली प्रत दुसऱ्याच्या संगणकावर उघडेल याची शाश्वती नसे. हा गोंधळ संपवण्यात यूटीएफ-८ चा वाटा मोठा आहे आणि तिचा आराखडा १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीमधल्या एका उपाहारगृहात, ताटाखालच्या कागदावर, दोन माणसांनी काढला: केन थॉम्पसन आणि रॉब पाइक. गोच्या तीन कर्त्यांपैकी दोघे. म्हणजे ज्यांनी 'कविता' या शब्दाला जगभर जाण्याची वाट करून दिली, त्यांनीच आपल्या नव्या घराच्या दारावर त्याला थांबवले. आकस म्हणावे तर पहिल्या गोष्टीशी विसंगत. उपेक्षा म्हणावे तर दुसरीचा खुलासा त्यांनी लेखी दिलेला.

त्यांची बाजू समजून घेणे भाग आहे, कारण ती पोकळ नाही. आपल्या लिपीत एकच दिसणारा शब्द दोन तऱ्हांनी लिहिला जाऊ शकतो. 'तऱ्हा' हाच घ्या. त्यातला ऱ युनिकोडात एक स्वतंत्र चिन्ह म्हणून आहे आणि र अधिक नुक्ता असाही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे, यंत्राला दोन निरनिराळी नावे. या विशिष्ट बाबतीत दोन्ही रूपे एक मानण्याची अधिकृत रीत तरी आहे. 'ॲ'चे तेही नाही: २००८ पासून त्याला स्वतःचे चिन्ह आहे, त्याआधीपासून अ वर चंद्र देऊन तो लिहिला जात आला आहे, आणि ही दोन रूपे एकच आहेत हे युनिकोडचे प्रमाणीकरणही मानत नाही. आज्ञावलीत सारख्या दिसणाऱ्या दोन नावांमुळे होणारी चूक शोधणे हे महाकर्म. तेव्हा जोडचिन्हांची सगळी भानगडच नको, या निर्णयाने गोचा नियम एका वाक्याचा राहिला. नियम एका वाक्याचा राहावा, हेच तर मला त्या भाषेत आवडले होते.

मात्रा हे अक्षर नव्हे, असे आपले व्याकरणही एका अर्थी म्हणते, हेही मान्य करावे लागेल. युनिकोडातली देवनागरीची मांडणी भारतात तयार झालेल्या इस्की या प्रमाणावरून घेतली आहे. कान्याला स्वतंत्र चिन्ह मानायचे आणि ते व्यंजनानंतर टंकायचे ही रचना इथलीच. ती आपल्या लिपीच्या स्वभावाला धरूनही आहे. मात्र आपण जेव्हा मात्रेला अक्षराहून निराळे म्हणतो तेव्हा तिच्याशिवाय शब्द लिहिता येईल असे आपल्या स्वप्नातही नसते. वेगळी म्हणजे काढून टाकण्याजोगी, हा अर्थ इंग्रजीच्या बाजूने उभे राहून पाहिल्यावरच सुचतो. तिथे अक्षरावर चढणारी चिन्हे बहुधा परकीय शब्दांबरोबर येतात आणि गाळली तरी वाक्य उभे राहते. फ्रेंच आणि जर्मन शब्द मात्र गोमध्ये चालतात, कारण त्यांच्या चिन्हांकित अक्षरांना युनिकोडात सबंध अक्षराचा दर्जा आधीच मिळालेला होता.

पायथनने वेगळे केले. ॲम्स्टरडॅमला एबीसी नावाची एक शिकवण्यासाठीची भाषा होती. ती फारशी चालली नाही. तिच्यावर काम केलेल्या खिदो फान रोसम यांनी १९८९ च्या नाताळात पायथन लिहायला घेतली. एबीसीकडून तिने समासालाच व्याकरण मानण्याची कल्पना घेतली. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून तिच्यात 'मात्रा', 'वृत्त', 'अक्षर' ही नावे चालतात. त्यासाठी तिच्या नियमांत बरीच पाने वाढली, प्रत्येक नाव आधी प्रमाणरूपात आणण्याची एक पायरी आली, आणि 'ॲ'सारखे प्रश्न तसेच राहिले. नियमावली वाचताना ती मला गबाळी वाटते. वापरताना तिची आठवणही येत नाही. दोन भाषांतली अधिक साधी कोणती, हे मला आता पूर्वीइतक्या ठामपणे सांगता येत नाही. प्रश्न विचारणारा कोणत्या लिपीत लिहितो हे आधी विचारावेसे वाटते.

माझी आज्ञावली तरीही गोमध्येच राहिली. लघु, गुरु, यति ही नावे रोमन लिपीत लिहिली. 'गण', 'चरण' आणि 'पद' देवनागरीत ठेवले. उद्धरणचिन्हांतल्या मजकुराला मात्र कोणतीच बंदी नाही. तिथे काना, मात्रा, वेलांटी सारे सुखाने नांदते. आठ गणांचे कोष्टक तसेच आहे. डावीकडे पाठांतराची ती जुनी त्रिकुटे, यमाता, मातारा, ताराज, राजभा, जभान, भानस, नसल, सलगा. उजवीकडे त्यांची गणाक्षरे. गोफम्ट हे कोष्टक दर वेळी नेमाने सरळ करते आणि दर वेळी ते वाकडेच होते. प्रत्येक काना एका सबंध अक्षराइतकी जागा व्यापतो असे धरून ती उजवा रकाना आखते. पडद्यावर तो त्याहून कमी जागा घेतो. त्यामुळे ज्या त्रिकुटात काने अधिक त्याचे गणाक्षर तितके डावीकडे सरकते. 'नसल'मध्ये एकही काना नाही, त्याचे न सगळ्यांत उजवीकडे. 'मातारा'मध्ये तीन, त्याचे म सगळ्यांत आत. एक काना, एक गुरू. वृत्तशास्त्र न शिकलेल्या माणसालाही त्या उजव्या रकान्याच्या कडेवरून बोट फिरवत कोणत्या गणात गुरू किती ते साधारण सांगता येईल.